खांबाआडचा मुलगा

ओरिन पेल्हॅम हे नाव खुद्द अमेरिकेत किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. सिनेमा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांना असेल, फार तर पाचव्याला. पण टोकियोत निशी-कसाईला या आणि मुलाकडे नाहीतर मुलीकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या कुठल्याही मराठी आजींना विचारा. त्या लगेच सांगतील, "तो होय, सुप्रभाचा डायरेक्टर!" जसं काही सुप्रभा करंबेळकरनेच त्याला लहानाचा मोठा केला, त्याची मुंज लावली आणि हॉलीवूडला धाडून दिला.

आता पेल्हॅम वारला १९६३ साली आणि सुप्रभा जन्मली १९६६ साली, कराडला. त्यामुळे मुंजीचं काही जमण्यासारखं नव्हतं. बाकीचं मात्र बरंचसं खरं आहे. दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी वॉर्डाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, सुप्रभाचा नवरा मोहन जुना प्रोजेक्टर टेबलावर चढवतो आणि पेल्हॅमचा एखादा मूकपट लागतो. पडद्याच्या डाव्या हाताला लहानसा दिवा लावून सुप्रभा उभी राहते आणि तास-सव्वा तास एकटी बोलते. नायकाचं बोलते, नायिकेचं बोलते, वेळ आली तर घोड्याचंही बोलते. मूकपटाशेजारी उभं राहून अशी गोष्ट सांगणाऱ्याला जपानात बेन्शी म्हणतात. एके काळी बेन्शींची नावं नटांपेक्षा मोठ्या अक्षरात लागायची. मराठीतून बोलणारी बेन्शी मात्र आमच्या माहितीत एकच, आणि ती तोझाई लाइनच्या रुळांपासून चार मिनिटांवर राहते.

या सुप्रभापुढे यंदाच्या सप्टेंबरात एक पेच पडला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची माणसं येऊन पेल्हॅमच्या 'तिसरा फलाट' या सिनेमाची, सुप्रभाच्या मराठीसकट, कायमची नोंद करून नेणार होती. मान मोठा होता. अडचण एवढीच, की त्या सिनेमाची शेवटची दीड मिनिटं सुप्रभा गेली नऊ वर्षं खोटी सांगत आली होती, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

सुप्रभाला गप्प बसणं जमत नाही, हे आधी सांगायला हवं. तिचे वडील चंद्रशेखर मास्तर कराडच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात नदीचं नाव निघालं की ती कुठून निघाली, वाटेत तिला कोण कोण भेटलं, कुणाशी तिचं पटलं नाही, इथपर्यंत सांगायचे. तो वारसा लेकीकडे आला. लग्न झालं ते मोहनशी, जो दिवसाला मोजून तीसेक वाक्यं बोलतो आणि त्यातली दहा 'हो' आणि 'बरं' यांवर संपतात. १९९८ साली त्याच्या कंपनीने त्याला टोकियोला पाठवलं. तो सकाळी सातला बँकेच्या प्रोजेक्टवर जायचा तो रात्री दहाला परतायचा. मूलबाळ झालं नाही. दोन खोल्यांत सुप्रभा, तिचं तोंड आणि ऐकायला कोणी नाही, अशी अवस्था. शेवटी तिने स्टेशनाजवळच्या बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, धरली. तिथे बारा तऱ्हेचे डबे होते आणि ती प्रत्येक डब्याची गोष्ट सांगून विकायची, तीही मोडक्यातोडक्या जपानीत. मालकीणबाई कपाळाला हात लावायच्या, पण डबे खपायचे.

तिथे रोज माशाचा डबा न्यायला हिराओका-सान यायचे. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवून निवृत्त झालेले. त्यांचे वडील जुन्या काळी ओसाकात बेन्शी होते. वर्षभर डबे नेल्यावर एके दिवशी ते म्हणाले, "करंबेळकर-सान, आज मासा शिळा असता तरी मी नेला असता. त्या माशाच्या आईपर्यंत पोचला होतात तुम्ही." आणि त्यांनी तिला आपल्या फिल्म क्लबात बोलावलं.

तिथे तिने पेल्हॅम पहिल्यांदा पाहिला आणि खुळावली. दर गुरुवारी ती हिराओका-सानांच्या घरी जाऊ लागली. त्यांनी तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, बाईचा आवाज काढताना गळा चोरायचा नाही, पात्राच्या ओठांच्या आधी बोलायचं नाही, हे शिकवलं. आणि त्यांच्या घराण्याचा एकच कडक नियम सांगितला. "चित्रात जो आहे त्याच्या तोंडी काहीही घाला. विनोद घाला, शिव्या घाला. पण चित्रात जो नाही, त्याला आणायचं नाही. ते काम दिग्दर्शकाचं."

सुप्रभाने मान डोलावली. पुढे दोन वर्षांपूर्वी हिराओका-सान गेले तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या पेल्हॅमच्या चारही फिल्म्स तिच्या नावे ठेवल्या. पोटच्या पोरांना सोडून तिच्या नावे.

आता पेल्हॅमचं ऐका. सिनेमा लावण्याआधी दहा मिनिटं सुप्रभा त्याचं चरित्र सांगते, आणि ती दहा मिनिटं कधीच दहाची नसतात. पेल्हॅमचा जन्म आयोवातला, बाप तार मास्तर. सतराव्या वर्षी हा पोरगा सुतारकाम करायला कॅलिफोर्नियात गेला आणि एका स्टुडिओत दारं बनवू लागला. नट लोक यायचे, याची दारं धाडकन उघडायचे, धाडकन लावायचे. एकदा याला राहवलं नाही. हातातला रंधा ठेवून तो पुढे झाला आणि एका नामांकित नटाला म्हणाला, "साहेब, नोकरी गेलेला माणूस घरी येऊन असं दार उघडत नाही." आणि करून दाखवलं. मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि दार इतकं हळू लोटलं की सेटवरच्या बायकांनी डोळ्याला रुमाल लावले. सात वर्षांत सुताराचा दिग्दर्शक झाला.

बारा वर्षांत त्याने सव्वीस मूकपट काढले. त्याच्या सिनेमात खलनायक नाही. सगळे आपापल्या परीने बरोबर असतात आणि तरी व्हायचं ते वाईट होतंच. दुसरी गोष्ट म्हणजे पाठ. जिथे दुसरा दिग्दर्शक रडणारा चेहरा मोठा करून दाखवेल, तिथे पेल्हॅम माणसाला पाठमोरा करतो. "चेहऱ्याला खोटं बोलता येतं हो," सुप्रभा सांगते, "पाठीला येत नाही. सूनबाई ओट्याशी उभी राहून 'काही नाही झालं' म्हणते ना, तेव्हा तिच्या पाठीकडे बघा." यावर सभागृहातल्या सासवा हसतात आणि सुना त्यांच्याकडे बघतात. हल्लीच्या कुठल्याही सिनेमात कोणी दुःखाने भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की सुप्रभा टीव्हीसमोर ओरडते, "चोरलं! पेल्हॅमचं चोरलं!" ज्याने चोरलं त्याने पेल्हॅमचं नावही ऐकलेलं नसतं. वारसा बहुधा असाच चालतो, सही नसलेला.

आणि मग ती येते पेल्हॅमच्या दुःखाकडे. स्टुडिओच्या मालकाला त्याचे शेवट पचायचे नाहीत. लोक पैसे देऊन रडायला येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. सव्वीसपैकी अकरा सिनेमांचे शेवट त्याने दुसऱ्याकडून नवे करून जोडले. पेल्हॅम त्या सिनेमांच्या पहिल्या खेळाला जायचा नाही. बोलपट आले, त्याने नऊ काढले, आणि एके दिवशी सगळं सोडून एका लहान गावात सुताराचं दुकान थाटलं. शेवटपर्यंत दारंखिडक्या केल्या. मेला तेव्हा गावच्या पेपरात दोन ओळी आल्या, त्यातली एक त्याच्या दुकानाबद्दल होती. हे सांगताना सुप्रभाचा आवाज चढतो. "दुसऱ्याने केलेल्या कामाचा शेवट बदलणारे तुम्ही कोण? तुमच्या पोराचं नाक कोणी कापून नवं लावलं तर चालेल?"

'तिसरा फलाट' हा त्या अकरांतला एक. एक म्हातारा कासार लांबच्या शहरात मुलाकडे येतो. मुलगा वाईट नाही. कामात आहे, बायको भली आहे, घर लहान आहे. म्हातारा थंडी काढतो आणि परत निघतो. मुलगा त्याला स्टेशनवर आणतो, गाडीत बसवतो, घड्याळ बघतो आणि गाडी सुटायच्या आधीच निघून जातो. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत मुलगा धावत परत येतो, बापाला चालत्या गाडीतून उतरवून घेतो आणि दोघं मिठी मारतात. ती प्रत केव्हाच कुजून गेली. पण जपानी वितरकांना रडके शेवट चालायचे, म्हणून इकडे पाठवलेल्या प्रतीत पेल्हॅमचा स्वतःचा शेवट राहिला. तीच ही हिराओका-सानांची प्रत, मधल्या लेखी पाट्या जपानीत असलेली. जगात एकच.

त्या शेवटात काय आहे? गाडी हलते. म्हातारा खिडकीतून बाहेर वाकून हात हलवू लागतो, तोंडभर हसतो. समोरच्या बाकावरची बाई कौतुकाने बघते. मग पेल्हॅम आपल्याला फलाट दाखवतो. लांबलचक फलाट, चार खांब, एक हातगाडी. आणि पाटी येते, 'फलाटावर कोणीही नाही.' म्हाताऱ्याला निरोप द्यायला कोणी थांबलं नाही हे डब्यातल्या लोकांना कळू नये, म्हणून तो रिकाम्या फलाटाला हात करतोय.

हे सुप्रभा सांगू शकली नाही.

२०१६ सालचा तिचा 'तिसरा फलाट'चा पहिला खेळ. सभागृहात तेवीस म्हातारी माणसं, निम्म्यांच्या शेजारी त्यांची मुलं. दुसऱ्या रांगेत नाशिकचे एक आजोबा, ज्यांचं विमान मंगळवारी होतं, आणि त्यांचा मुलगा फोन उलटा करून मांडीवर ठेवून बसलेला. म्हातारा हात हलवू लागला तशी ती सगळी डोकी पुढे झुकली. पाटी आली. मराठी प्रेक्षकांत जपानी वाचणारं कोणी नाही असं सुप्रभा धरून चालली होती. मुलांना ऑफिसपुरतं बोलता यायचं, जुन्या वळणाची अक्षरं कोण वाचतो? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी ती बोलून गेली, "फलाट रिकामा दिसतोय... पण तो तिसरा खांब बघा. त्या खांबाआड मुलगा उभा आहे. रडू बापाला दिसू नये, म्हणून लपलाय."

सभागृहात हुंदका फुटला. फोनवाल्या मुलाने वडिलांचा हात धरला. खेळ संपल्यावर लोक येऊन सुप्रभाच्या पाया पडायचे तेवढे राहिले. हिराओका-सान मागे बसले होते. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. "शेवटी बराच वेळ बोललात," ते म्हणाले. "काय सांगितलंत?" सुप्रभा म्हणाली, "फलाटाचं वर्णन केलं, सेन्सेइ." आयुष्यात तिने फार बोलून घोटाळे केले होते. कमी बोलून केलेला हा पहिला.

त्यानंतर माघार घेता येईना. लोक त्याला 'खांबाचा सिनेमा' म्हणू लागले. नव्याने आलेल्या आईवडिलांना मुलं मुद्दाम घेऊन यायची. एकोणीस खेळ झाले, एकोणीस वेळा खांबाआड मुलगा उभा राहिला.

आणि मग ती मेल आली. मोहनने ती मोठ्याने वाचली, जे त्याच्या महिन्याभराच्या बोलण्याएवढं झालं. विद्यापीठाने लिहिलं होतं की पेल्हॅमचा मूळ शेवट आजवर कुणी अभ्यासकाने पाहिलेला नाही. फिल्मची प्रत तर करूच, पण ज्या बाईंनी तो शेवट जिवंत ठेवला त्यांचं सादरीकरणही प्रेक्षकांसह टिपून ठेवू, इंग्रजी भाषांतर जोडून. सभागृह मिळवण्यासाठी वॉर्डाची सोडत असते, तीत नोव्हेंबरचा पहिला रविवार लागला. सुप्रभाने चार दिवस सगळ्यांना फोन केले आणि पाचव्या दिवशी 'भाषांतर जोडून' या शब्दांवर येऊन ती अडकली.

ऑक्टोबरात अनुराधाबाई विरजण मागायला आल्या. साताऱ्याच्या, पंचाहत्तरीच्या. मुलगा सुशील इथे कंपनीत, म्हणून दर वर्षी यायच्या. बोलायला मऊ, पण बघायच्या अशा की समोरचा आधी आपली बटणं तपासायचा. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "सुप्रभा, त्या खांबाआड कोण असतं गं?"

"मुलगा, काकू. तुम्ही पाहिलाय की सिनेमा."

"सहा वेळा पाहिलाय. पाटीवर तर लिहिलंय, दारे मो इनाई. कोणीही नाही."

सुप्रभाच्या हातातला चमचा दह्यातच राहिला. "तुम्हाला वाचता येतं?"

"नातीच्या पहिलीच्या पुस्तकापासून शिकायला लागले. मग कचऱ्याच्या पाट्या वाचल्या, मग स्टेशनातल्या. घरात तिघं जपानीत बोलतात, ते माझ्याबद्दल असतं की काय, कळायला नको?"

"मग? असतं?"

"असतं. पण वाईट नसतं," अनुराधाबाई म्हणाल्या. "ते जाऊ दे. पहिल्यांदा तुझा तो मुलगा ऐकला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमचा सुशीलही कुठल्यातरी खांबाआड असेल, असं वाटलं. दुसऱ्यांदा पाटी वाचता आली. तेव्हापासून तुझा राग येतोय."

"लोकांना वाईट वाटू नये म्हणून केलं हो मी."

"लोकांचं मला माहीत नाही. त्या म्हाताऱ्याचं तू काढून घेतलंस. मुलगा उभा असेल तर तो नुसता हात हलवतोय, त्यात काय मोठंसं? पोरंही हलवतात. कोणी नसताना हलवतोय, आपल्या मुलाला डब्यात कोणी नावं ठेवू नयेत म्हणून हलवतोय, म्हणून तर तो एवढा मोठा माणूस. तो विमानतळावर माझ्याबरोबर असतो गं दर वर्षी. तू त्याला अगदीच साधा करून टाकलास."

दही वाटीत पडलं. अनुराधाबाईंनी वाटीवर ताटली ठेवली आणि निघाल्या. दारात म्हणाल्या, "तू त्या स्टुडिओवाल्याला इतकं बोलतेस, म्हणून विचारलं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण सुप्रभाने आयुष्यात अनेकांना ऐकवली होती. त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून स्वतः ऐकत होती. अकरा शेवट मालकाने बदलले आणि जो एक त्याच्या हातून निसटून जपानात वाचला, तो निशी-कसाईत तिने बदलला. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, जे तिला चांगलं माहीत होतं.

२००४ साली चंद्रशेखर मास्तर तीन महिने राहायला आले होते. लेकीबरोबर भाजी आणायला जायचे, टोकियोच्या नकाशावर नद्यांना पेन्सिलीने गिरवायचे. डिसेंबरात निघाले. विमानतळाची बस सकाळी सात दहाची, आणि बेन्तोचं दुकान सातला उघडायचं. वर्षअखेरीची गर्दी, शेकडो डब्यांची ऑर्डर. मालकीणबाईंकडे तासाची रजा मागितली असती तर मिळाली असती. पण वर्षअखेरीला इथे कोणी रजा मागत नाही, आणि सुप्रभाला आपण इथल्यासारख्या झालोय हे दाखवायची हौस होती. ती साडेसहाला निघाली. मास्तर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. विमानतळापर्यंत मोहन जाणार होता. पुढच्या एप्रिलमध्ये मास्तर कराडला वारले. बुटाच्या नाडीपर्यंत सुप्रभाला सगळं आठवतं, पुढचं माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही. खांबाआड तिने कुणाला उभं केलं होतं, हे कळायला अभ्यासक लागत नव्हता.

नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला. विद्यापीठाची दोन माणसं कॅमेरे लावून कोपऱ्यात बसली. सभागृह गच्च भरलं. बहुतेकांनी सिनेमा आधी पाहिलेला, खांब कधी येतो याची वाट बघायला आलेले. पहिल्या रांगेत अनुराधाबाई. मोहन प्रोजेक्टरपाशी. सुप्रभाने चरित्र सांगितलं, आणि स्टुडिओच्या मालकाचा भाग आला तिथे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला नाही.

सिनेमा सुरू झाला आणि ती बोलू लागली. त्या दिवशी तिने म्हाताऱ्याला कराडचं मराठी दिलं. तो सुनेच्या स्वयंपाकघरात चुकून भलतीच बरणी उघडतो, तिथे लोक हसून लोटपोट झाले. म्हातारा स्टेशनात आला. मुलाने घड्याळ पाहिलं, निघाला. मुलाची पाठ दिसली. गाडी हलली, हात हलू लागला, सभागृहातल्या बायकांनी आधीच पदर आणि रुमाल काढून ठेवले. फलाट आला. चार खांब. पाटी.

सुप्रभाने श्वास घेतला. "फलाटावर कोणीही नाही," ती म्हणाली. "खांबाआडही नाही."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. पडद्यावर समोरच्या बाईने ओठ हलवून काहीतरी विचारलं. याला पेल्हॅमने पाटी दिलेली नाही. सुप्रभा बाईच्या आवाजात म्हणाली, "कोण आलंय सोडायला?" आणि म्हाताऱ्याच्या आवाजात, हसत, "मुलगा. यायला नको म्हटलं होतं, ऐकतो कुठे." म्हातारा जरा पुढे सरकला आणि खिडकी पाठीने झाकली गेली. पाठ दिसत राहिली. हात हलत राहिला. फलाट संपला.

टाळ्या पडल्या नाहीत. दिवे लागले तरी लोक बसून. ऋषी नावाचा एक तिशीतला इंजिनिअर आईला घेऊन आला होता, तो उठून उभा राहिला. "काकू, खांबाआड मुलगा असायचा ना? मी आईला सांगून आणलं होतं."

"नव्हता रे," सुप्रभा म्हणाली. "मी उभा केला होता. नऊ वर्षं. पेल्हॅमने कुणालाही उभं केलं नव्हतं." आणि तिने जपानी पद्धतीने कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागितली. वर बघते तर ऋषीची आई पडद्याकडे बघत होती आणि म्हणत होती, "काय माणूस होता गं!" ती कासाराबद्दल म्हणत होती की पेल्हॅमबद्दल, ते सुप्रभाने विचारलं नाही. दोघांनाही लागू पडलं असतं. अनुराधाबाई जाताना तिचा दंड दाबून गेल्या.

सभागृह चारला रिकामं करून द्यायचं होतं. खुर्च्या पुसून झाल्या, कचरा पिशवीत भरून झाला, अमेरिकेची माणसं वाकून वाकून गेली. मोहन फिल्म उलटी गुंडाळत होता. सुप्रभा शेजारी येऊन बसली आणि चमत्कार म्हणजे गप्प बसली.

"बाबा बसमध्ये बसले ना," मोहन चाकाकडे बघत म्हणाला, "तेव्हा शेजारच्या सीटवर एक जपानी बाई होत्या."

सुप्रभाने फिल्मचा डबा पुढे ओढला.

"बस सुटली तसं बाबांनी खिडकीतून हात हलवायला सुरुवात केली. स्टॉपवर कोणी नव्हतं. मी म्हटलं, बाबा, कुणाला करताय?"

"एकवीस वर्षं झाली," सुप्रभा म्हणाली. "कधी बोलला नाहीत."

"तू खांबाआड उभी होतीस. कसं सांगणार?"

चाक फिरत राहिलं. तिने विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, गप्प बसा हो मोहनराव. त्या बाई बघतायत. तुम्हीही हलवा."

"मग?"

"मग काय," मोहन म्हणाला. "मीही हलवला."